‘भरपाई मंजूर झाली आहे, आधी फी भरा!’



पुण्याच्या मार्केट यार्डात माल उतरला आहे, वजन झाले आहे, आडत्याच्या गाळ्यावर पट्टी व्हायची आहे. तुम्ही चहाचा कप हातात घेऊन बाकड्यावर टेकला आहात, आणि खिशातला फोन वाजतो. पलीकडून एक बाई अगदी अदबीने बोलते, “नमस्कार काका. मी मुंबईहून, कृषी विभागाच्या भरपाई कक्षातून बोलतेय. आपली अतिवृष्टीची अठ्ठेचाळीस हजारांची भरपाई मंजूर झाली आहे. आज संध्याकाळी फाइल बंद होईल. तेवढी अठराशे रुपये प्रक्रिया फी भरून टाका, म्हणजे दोन तासांत रक्कम खात्यावर पडेल.”

तिला तुमचे नाव ठाऊक असते. गाव ठाऊक असते. कधीकधी गट नंबरही ठाऊक असतो. आणि गेल्या पावसाळ्यात तुमच्या रानात खरोखरच गुडघाभर पाणी साचलेले असते. मग माणसाला वाटते, एवढे सगळे जिला माहीत आहे ती बाई सरकारातलीच असणार.

असे फोन कुणाकुणाला येतात, त्यांत काय काय बोलतात, हे आता गावोगाव ठाऊक झाले आहे. तरीही माणसे पैसे भरतात. जे भरतात ते अडाणी असतात, असे मात्र मुळीच नाही. बारावी झालेली मुले भरतात, निवृत्त शिक्षकही भरतात. म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

आधी हातातल्या पट्टीकडे पाहा

ह्या फोनची पारख करायला दुसरे काही शिकायला नको. मार्केट यार्डाचा व्यवहार तुम्ही वर्षानुवर्षे पाहात आला आहात, तोच पुरे आहे.

तुमच्या गावाहून टेंपो भरला. भाडे कोणी दिले? पुष्कळदा गाळ्यावरच दिले जाते आणि पट्टीत ‘गाडीभाडे’ म्हणून वजा होते. हमालाने पोती उतरवली, तोलणाराने वजन केले. त्यांनी तुमच्यापुढे आधी हात पसरला का? हमाली, तोलाई पट्टीतच कापली जाते. पूर्वी फळभाजीवरची आडतही शेतकऱ्याच्याच पट्टीतून जात असे. २०१६ च्या जुलैमध्ये सरकारने ती खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले. पण ज्या काळात ती तुमच्याकडून घेत, त्या काळातही कोणा आडत्याने “आधी आडत रोख मोजा, मग मालाचे पैसे देतो” असे म्हटल्याचे ऐकले आहे का? उलट लग्नकार्याला, बियाण्याला आडत्याकडून उचल घेणारेच जास्त. म्हणजे तिथे पैसा निघतो तो व्यापाऱ्याच्या गल्ल्यातून आणि येतो तुमच्याकडे.

आडत्यांबद्दल आपल्या शंभर तक्रारी असतील. त्यांतल्या काही रास्तही आहेत, त्यांवर पुन्हा केव्हातरी लिहू. पण एक गोष्ट त्या बाजारातही सरळ आहे. ज्याला तुम्हाला पैसे द्यायचे आहेत आणि त्यातून काही कापायचे आहे, तो देतानाच कापतो. अठ्ठेचाळीस हजार ज्याच्या हातात आहेत त्याला अठराशे वेगळे मागावे का लागतात? कापून घे आणि उरलेले शेहेचाळीस हजार दोनशे पाठव, एवढे त्या बाईला सांगून पाहा. “तशी सिस्टीम नाही काका,” असे उत्तर येईल. सिस्टीम नाही, कारण मुळात अठ्ठेचाळीस हजारच नाहीत.

ही युक्ती काही नवी नाही, आणि आपल्याकडचीही नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत लोकांना पत्रे येत असत : स्पेनच्या तुरुंगात एक धनिक अडकला आहे, त्याला सोडवायला थोडे पैसे पाठवा, पुढे पुरलेल्या खजिन्यातला वाटा मिळेल. पत्राच्या जागी फोन आला आणि खजिन्याच्या जागी अनुदान, एवढाच फरक. इंग्लंडात बँकांनी लोकांच्या गळ्यात नको ते विमे मारले होते. त्यांची भरपाई सुरू झाली तेव्हा “तुमचा दावा आम्ही मिळवून देतो” म्हणणाऱ्यांनी फोन करकरून लोकांना इतके हैराण केले, की २०१८ साली तिथल्या सरकारला संमतीवाचून असे फोन करण्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. जिथे खरी भरपाई वाटली जाते तिथे असली माणसे जमतातच. खळ्यावर धान्य आले की चिमण्या येतात, तसे.

एवढी माहिती त्यांना मिळते कोठून?

फोनमधले बरेचसे खरे असते, हीच त्यातली मेख आहे. २०२५ च्या सप्टेंबरात राज्यभर, विशेषतः मराठवाड्यात, अतिवृष्टी आणि पूर आले. ऑक्टोबरात सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, शिवाय रब्बीच्या बियाण्याखतासाठी हेक्टरी १०,००० रुपये, तीन हेक्टरांपर्यंत. हे आकडे वर्तमानपत्रांत आले, तुम्ही वाचले, त्यांनीही वाचले. मदतीच्या याद्या गावात लागतात, त्या कोणीही वाचू शकतो. झेरॉक्सच्या दुकानात विसरलेला सात-बारा, आधारकार्डाची जादा प्रत, कोणत्याशा मेळाव्यात भरून दिलेला कागद, यांतून नाव, गाव, नंबर फिरत राहतात. तेव्हा नाव-गाव सांगितले म्हणून भुलू नये. तेवढे पोस्टमनलाही ठाऊक असते.

दुसरे असे, की आपली माणसे वाट पाहून थकलेली असतात. पंचनामा होऊन महिने लोटतात. तलाठ्याला विचारावे तर “वरून आले नाही”, तालुक्याला विचारावे तर “तुमचे केवायसी राहिले आहे”. मी खात्यातलाच माणूस आहे, म्हणून हे झाकून ठेवणार नाही. आमच्याकडून वेळेवर उत्तर मिळत नाही, तिथेच फोनवाल्याला जागा मिळते. तो निदान गोड तरी बोलतो.

एकदा अठराशे भरले की तेवढ्यावर भागत नाही. दुसऱ्या दिवशी ‘आयकर’ म्हणून साडेचार हजार. मग ‘खाते नंबरात चूक आहे, दुरुस्तीची फी’. मग ‘रिझर्व्ह बँकेची हरकत’. प्रत्येक वेळी माणूस म्हणतो, एवढे गेले, आता थोड्यासाठी कशाला सोडा. विहिरीला पाणी लागत नसताना आणखी दोन परस, आणखी दोन परस म्हणत खणत राहावे, तसे होते.

खरे पैसे कोणत्या दाराने येतात

आता खरा मार्ग पाहू. अतिवृष्टीची सरकारी मदत थेट आधारशी जोडलेल्या बँकखात्यात येते. पैसे अडकले असतील तर बहुधा आधार-जोडणी, केवायसी किंवा शेतकरी ओळख क्रमांक यांतले काहीतरी राहिलेले असते. ते पाहायला तलाठी, बँक आणि आपले सरकार सेवा केंद्र आहे. आमचा गावचा कृषी सहायकही आहे. (२०२५ पासून त्याचे पदनाम ‘सहायक कृषी अधिकारी’ झाले, पण गाव अजून जुन्याच नावाने हाक मारते, आणि त्याला त्याचा रागही येत नाही.)

पीकविम्याचे थोडे नीट समजून घ्या, कारण तिथे नियम बदलले आहेत. २०२३ च्या खरिपापासून आपल्याकडे एक रुपयात विमा होता. २०२५ च्या खरिपापासून ती सोय गेली. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड टक्क्यापर्यंत आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याने भरायचा असतो. हा हप्ता पेरणीच्या हंगामात भरावा लागतो आणि त्याची पावती मिळते. भरपाई मिळायच्या वेळी पुन्हा काही भरायचे नसते, एक पैसाही नाही. सेवा केंद्रवाल्याला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीच देते, तेव्हा त्यानेही हप्त्यावर जादा मागायचे कारण नाही. विम्याबद्दल विचारायचे असेल तर आपणहून १४४४७ ह्या क्रमांकावर फोन करावा.

२०२३ सालचे कांदा अनुदान आठवत असेल. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च ह्या काळात बाजार समितीत विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत. त्याला काय लागले? विक्रीची पट्टी, सात-बारा, आधार आणि पासबुकाची प्रत. सात-बाऱ्यावर कांद्याची नोंद नव्हती म्हणून पुष्कळांचे अर्ज अडले. पण फी भरली नाही म्हणून कोणाचा अडला नाही, कारण फीच नव्हती. पट्ट्या जपून ठेवा असे मी नेहमी सांगत असतो, ते ह्यासाठी. घरात पट्ट्यांचा गठ्ठा असतो, पण तो बहुधा चुलीशेजारी असतो.

जमीन संपादनाचे पैसे मोठे, म्हणून तिथला फोनही मोठ्या रकमेचा. पुणे रिंगरोडसाठी मावळ, मुळशी, हवेली, भोर, पुरंदर, खेड ह्या तालुक्यांतल्या जमिनी लागल्या. अशा गावांतल्या लोकांना “मोबदल्यावर आधी आयकर भरा” असे सांगणारा कोणी भेटला तर त्याला विचारा, कायद्याचे कोणते कलम? २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या ९६ व्या कलमाने त्या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर आयकर नाही आणि मुद्रांक शुल्कही नाही. वाढीव मोबदल्यासाठी तुम्ही स्वतः वकील पाहिलात तर त्याची फी द्यावी लागेल. पण तो वकील तुम्ही शोधलेला असतो, त्याच्या कचेरीची पायरी तुम्ही चढलेली असते. डिजिटल सात-बाऱ्याचे १५ रुपये, दाखल्याची फी, असले किरकोळ खर्च सरकारातही आहेत. ते केंद्रावर भरतात आणि त्यांची पावती मिळते. फोनवर सांगितलेल्या कोणा ‘साहेबां’च्या नंबरावर ते भरत नाहीत.

भगिनींनो, हे खास तुमच्यासाठी

सर्वांत वाईट फोन येतो तो घरात माणूस गेल्यानंतर. वीज पडून, साप चावून, विहिरीत पडून, ट्रॅक्टर उलटून, रस्त्यावरच्या अपघातात कर्ता माणूस जातो. दहावे-तेरावे होते न होते तोच फोन येतो, “वहिनी, तुमच्या मालकांचे दोन लाख मंजूर आहेत. पाच हजार भरा, नाहीतर महिन्याने हक्क जातो.”

ह्यातही खऱ्याचा अंश आहे, म्हणून सांगतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून राज्य सरकार स्वतः चालवते, मध्ये विमा कंपनी नाही. सात-बाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली आणखी एक व्यक्ती, वय १० ते ७५, अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. अपघातात दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख. ह्यासाठी शेतकऱ्याने आधी एक रुपयाही भरलेला असावा लागत नाही आणि नंतरही भरायचा नसतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कचेरीत, ३० दिवसांच्या आत करावयाचा. म्हणून फोनवाला ‘महिना’ म्हणतो, ते ऐकून बाई घाबरते. मुदत खरी आहे, पाच हजार खोटे आहेत.

लागणारे कागद हे : सात-बारा, वारस नोंदीचा गाव नमुना ६-क, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, पोलिसांचा पहिला खबरी अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा. अपघाताच्या प्रकाराप्रमाणे शवविच्छेदनाचा अहवाल वगैरे. दुःखात हे गोळा करणे सोपे नाही. म्हणून भाऊ, दीर, गावातला कृषी सहायक, कोणालातरी बरोबर घ्यावे. साप चावलेल्याला गावातच झाडपाला करून ठेवले आणि सरकारी दवाखान्यात नेलेच नाही, तर पुढे कागद मिळणे फार अवघड होते. जीव वाचण्याची आशा तर त्याहून आधी जाते. प्रस्तावावर निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते. तिचा कोणीही सदस्य तुम्हाला फोनवर ‘नंबर पाठवते, त्यावर टाका’ असे सांगत नाही.

माझ्याकडे चौकशीला येणाऱ्या बाया पुष्कळदा म्हणतात, “साहेब, पैसे भरायचे नव्हते हो, पण वाटलं, नाही भरले तर पोरांचं नुकसान माझ्यामुळं होईल.” फोनवाले नेमका हाच धागा ओढतात. आजच भरा, आत्ताच भरा, कोणाला सांगू नका. सांगू नका म्हटले, की त्याच घटकेला घरात सांगावे.

जुन्या पॉलिसी आणि बुडालेली ठेव

बऱ्याच घरांत पत्र्याच्या पेटीत एखादी बंद पडलेली विमा पॉलिसी असते. “तिचा बोनस साठला आहे, पण आधी इतके भरा किंवा नवी पॉलिसी घ्या” असा फोन येतो, आणि तो करणारा स्वतःला विमा नियामक प्राधिकरणाचा माणूस म्हणवतो. हे प्राधिकरण हैदराबादेत आहे. ते पॉलिसी विकत नाही आणि बोनसही जाहीर करत नाही, असे त्याने स्वतःच वेळोवेळी जाहीर केले आहे. पॉलिसीत खरेच काही पैसे आहेत का, हे कंपनीच्या शाखेत पॉलिसी नेऊन विचारावे. शाखा दाद देत नसेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. पुण्याचे हे कार्यालय मार्केट यार्डापासून काही फार दूर नाही. नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर, जीवन दर्शन इमारतीत आहे. माल विकून परतताना वाट वाकडी करण्याजोगे आहे. तिथे तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही.

‘पर्ल्स’ म्हणून आपल्याकडे ओळखल्या जाणाऱ्या पीएसीएल कंपनीत आणि सहाराच्या सोसायट्यांत गावोगावच्या लोकांनी पैसे गुंतवले होते. पीएसीएलचे पैसे परत करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली न्यायमूर्ती लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचा आदेश दिला. सहाराच्या चार सहकारी सोसायट्यांच्या ठेवीदारांसाठी केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैमध्ये संगणकावर अर्ज घेणे सुरू केले. परतावा सुरुवातीला दहा हजारांपर्यंत होता, पुढच्या वर्षी तो पन्नास हजारांपर्यंत वाढवला. दोन्हीकडे परताव्यासाठी फी नाही. तेव्हा “तुमची ठेव सोडवतो, पंधरा टक्के आधी द्या” म्हणणाऱ्याला मूळ पावती दाखवूसुद्धा नये.

पैसे निघून गेले तर

फोनवरून पैसे जातात ते बहुधा चार वाटांनी. एक, तुम्ही स्वतः पाठवता. दोन, ओटीपी सांगता. तीन, “हे घ्या, स्कॅन करा, पैसे येतील” असे ऐकून काळ्या-पांढऱ्या चौकोनावर फोन धरता आणि पिन दाबता. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. चार, ‘पीएम किसान यादी’ असे नाव दिलेली फाइल व्हॉट्सअॅपवर येते, ती उघडून बसवता, आणि मग फोनच दुसऱ्याच्या ताब्यात जातो. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत आपोआप येतात. त्यासाठी व्हॉट्सअॅपवरची फाइल बसवावी लागत नाही.

पैसे गेले असे कळताच रडत बसू नये आणि लपवूही नये. १९३० हा राष्ट्रीय क्रमांक लावावा. रक्कम, वेळ, ज्या नंबरावर गेली तो नंबर आणि व्यवहाराचा क्रमांक सांगावा. ही मंडळी पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवतात, म्हणून पहिला तास-दोन तास मोलाचे. मधल्या एखाद्या खात्यात रक्कम गोठवता आली तर ती परत मिळण्याची आशा असते. त्याच दिवशी बँकेलाही कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे, तुमच्याच चुकीने ओटीपी गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, पण कळवल्यानंतर खात्यातून काही गेले तर ते बँकेच्या माथी. म्हणजे उद्या जाऊ म्हटले, की तेवढा उद्यापर्यंतचा तोटा आपला. गुन्ह्याची तक्रार जवळच्या पोलिस ठाण्यातही द्यावी. त्या वेळचे संदेश, फोन नंबर पुसून टाकू नयेत. शरमेपोटी पुष्कळजण पहिले काम तेच करतात, आणि पुरावाच नाहीसा होतो.

आणखी एक. फसलेल्या माणसाचा नंबर ह्या लोकांत पुढे विकला जातो. महिना-दोन महिन्यांनी दुसरा फोन येतो. आता बोलणारा पुरुष असतो, आवाज करडा. “सायबर पोलिसांकडून बोलतोय. तुमचे गेलेले पैसे आम्ही पकडले आहेत. परत हवे असतील तर कोर्टाची अनामत अडीच हजार भरा.” पहिल्या वेळी फसलेला माणूस ह्या दुसऱ्या फोनला लवकर भुलतो, कारण आपले पैसे परत यावेत असे त्याला मनापासून वाटत असते. त्याला काही बोलू नका, फोन ठेवा, आणि पहिल्या तक्रारीचा जो क्रमांक मिळाला होता तो घेऊन हा नवा नंबरही १९३० वर कळवा.